पहिली पसंती: नागरी प्रशासन

दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास मी आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन वाक्यं टाकली. ‘नागरी स्थानिक प्रशासन हे स्पेशलायझेशन यंदा होणार नाही. विषयाचे सर प्रकृतीच्या कारणाने येऊ शकत नाहीत. पसंतीपत्र भरताना याचा विचार करावा.’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत त्या विषयासाठी नाव दिलेल्या नऊ जणांपैकी पाच जणांनी आपली पसंती बदलली आणि स्पेशलायझेशन खरोखरच रद्द झालं. सर मात्र येणार होते.

वर्ग ठाण्यातल्या एका कॉलेजात भरायचा, शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर. लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी, दोन वर्षं, नोकरी करणाऱ्यांसाठी. तुकडीत आम्ही सव्वीस जण होतो. बहुतेक सरकारी किंवा निमसरकारी: जिल्हा परिषदेचे लिपिक, महापालिकांचे कर्मचारी, पोलीस ठाण्यात लिखापढी करणारा एक हवालदार, कळव्याची एक परिचारिका. पत्रकार मी एकटा. तोही माजी. एका दैनिकाच्या ठाणे कार्यालयात मी चौदा वर्षं काढली, आधी बातमीदार म्हणून आणि नंतर डेस्कवर, आलेल्या बातम्या तपासून नीट करायला. ते कार्यालय बंद झाल्यावर वर्तकनगरच्या घरी बसून संस्थांचे अहवाल संपादित करायची कामं घेत होतो. वय एक्केचाळीस.

ज्यांच्याबद्दल हे लिहितो आहे त्या बाईंना सगळा वर्ग ताई म्हणायचा. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या. डोंबिवली पूर्वेच्या एका प्रभाग कार्यालयात पाणीपुरवठ्याच्या खिडकीवर त्या बसत. त्यांचं गाव कल्याण-शीळ रस्त्यापासून आत, पूर्वी ग्रामपंचायत असलेलं आणि नंतर महापालिकेत गेलेलं. ग्रामपंचायतीत त्या लिपिक होत्या, गावाबरोबर त्याही महापालिकेत गेल्या. “गाव गेला तशी मी पन गेली. कपाट, खुर्च्या आनि मी,” असं त्या सांगत. बी.ए. त्यांनी मुलगी दहावीला असताना मुक्त विद्यापीठातून केलं. पदवी कशाला हवी, असं पहिल्याच दिवशी ओळख करून देताना विचारलं गेलं तेव्हा बाकीच्यांनी बढती, ज्ञान, आवड अशी उत्तरं दिली. ताई म्हणाल्या, “नळाला पाणी का येत नाही, हे मला लोक रोज विचारतात. मला पण कुणाला तरी विचारायचंय.”

वर्गात उभं राहून बोलायचं असलं की त्या शाळेतल्यासारखं नीट बोलत. चहाच्या टपरीवर त्यांची आगरी परत यायची. मला त्या नावाने कधी हाक मारत नसत. “काय पत्रकार, आज कोनाची वाट लावली?” हा त्यांचा नमस्कार होता.

नागरी स्थानिक प्रशासन शिकवणारे सर नगरपालिकेतून मुख्याधिकारी म्हणून निवृत्त झालेले, सत्तरीचे. पहिल्या वर्षी त्यांनी आम्हाला दोनच व्याख्यानं दिली, विषयाची ओळख म्हणून. दोन्ही मराठीत. पहिल्या व्याख्यानात त्यांनी फळ्यावर लिहिलं: नळाला पाणी न येण्याची अकरा कारणं. खडूने अकरा ओळी. मोटर, वीज, गळती, उंचीवरची वस्ती, बेकायदा जोडण्या, अशी यादी संपली तेव्हा ताईंनी हात वर केला.

“सर, बारावं राहिलं.”

“बोला.”

“व्हॉल्व्हवाला हळदीला गेला.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी बारावी ओळ लिहिली: ‘व्हॉल्व्हमन रजेवर, बदली नाही.’ मग वळून म्हणाले, “हे सगळ्यात महत्त्वाचं कारण आहे आणि ते एकाही पुस्तकात नाही. बाई, तुम्ही माझ्याकडे लघुप्रबंध करा.” त्या दिवशी टपरीवर ताईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि तीनदा विचारलं, “खरंच बोलले का रे तसं? तुमी पन आयकलं ना?”

दुसऱ्या वर्षाला तीन स्पेशलायझेशन होती. आम्ही त्याला नुसतं ‘स्पेशल’ म्हणायचो. मनुष्यबळ व्यवस्थापन, सार्वजनिक धोरण आणि नागरी स्थानिक प्रशासन. पहिल्या दोन विषयांचं शिकवणं आणि वाचायचं साहित्य इंग्रजीत. उत्तरं मराठीत लिहायची मुभा होती, पण प्रश्न कशावर आहे हे कळायला इंग्रजीच लागायचं. फक्त नागरीचे सर मराठीत शिकवत आणि स्वतःच्या हाताने लिहिलेल्या टिपणांच्या झेरॉक्स देत. पहिल्या वर्षी एक सक्तीचा पेपर इंग्रजी पुस्तकावरून होता. त्यात ताई दुसऱ्या प्रयत्नात सुटल्या होत्या. त्यामुळे त्यांचं काय पणाला लागलं आहे हे सगळ्या वर्गाला माहीत होतं, आणि त्या ते लपवतही नसत. “नागरी नाय झालं तर माझं काय खरं नाय. इंग्लिशमधे मी बुडतंय.”

नियम असा होता की दहा जण असल्याशिवाय स्पेशल चालवायचं नाही. मनुष्यबळ दरवर्षी चालायचं. कार्यालयीन बढतीसाठी ते बरं असा समज होता, आणि यंदाही त्याला दहा नावं पहिल्या दोन दिवसांतच आली. म्हणजे सोळा उरले. सोळांत दोन विषय चालणं शक्य नव्हतं. नागरी चाललं तर धोरण नाही, धोरण चाललं तर नागरी नाही. पसंतीपत्र म्हणजे अर्ध्या पानाचा कागद होता. पहिली पसंती, दुसरी पसंती, सही. शनिवारी पाचपर्यंत तो द्यायचा, आणि तोपर्यंत दिलेला कागद बदलूनही मिळायचा.

ताईंनी त्या आठवड्यात निवडणुकीसारखं काम केलं. आंबिवलीला राहणाऱ्या दोघा ग्रामसेवकांच्या घरी त्या बुधवारी संध्याकाळी स्वतः गेल्या, सोबत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन. हवालदाराला त्यांनी सांगितलं, “तुमी धोरन घेऊन काय करनार? धोरन वरचे ठरवतात, तुमी दंडुका घेऊन उभे.” तो हसला आणि नागरीवर सही करून मोकळा झाला. गुरुवारी संध्याकाळपर्यंत नागरीला नऊ नावं होती. धोरणाला चार. तीन जणांनी कागद दिला नव्हता. त्यांत मी होतो.

गुरुवारी त्यांचा फोन आला.

“पत्रकार, नऊ झाले. दहावे तुमी.”

“बघतो, ताई.”

“बघताय काय? चौदा वर्षं महापालिकेच्या बातम्या केल्यात ना? सर तुमाला ओलखतात. तुमचाच विषय हाय हा.”

“हो, म्हणून तर. तेच तेच परत कशाला?”

“बरं बघा. पन लवकर बघा.”

मला धोरण हवं होतं. धोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत संशोधन साहाय्यकाची जागा निघणार होती आणि ‘सार्वजनिक धोरण विषयासह पदव्युत्तर पदवी’ असा त्यांचा निकष असतो, हे मला आतून कळलं होतं. घरी बसून दुसऱ्यांचे अहवाल दुरुस्त करायचा मला कंटाळा आला होता. हे कारण मी वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर मी म्हणायचो की धोरण विषयाची व्याप्ती जास्त आहे.

शुक्रवारी सकाळी मी कॉलेजच्या कार्यालयात गेलो. तिथल्या लिपिकाबरोबर चहा प्यायची मला सवय होती. सरकारी कार्यालयातली बातमी साहेबापेक्षा लिपिकाकडे आधी असते, हे मी बातमीदारीच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो. त्याच्याशी झालेलं बोलणं मला आजही शब्दशः आठवतं.

“नागरीचं काय, होतंय ना?” मी विचारलं.

तो म्हणाला, “बहुतेक नाही होत यंदा. सरांचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना. घोडबंदरवरून यायचं म्हणजे... मला वाटतं नाही जमणार त्यांना. अजून काही कळवलं नाहीये त्यांनी.”

या बोलण्यात ‘बहुतेक’ होतं, ‘मला वाटतं’ होतं आणि ‘अजून काही कळवलं नाही’ होतं. मी ग्रुपवर टाकलेल्या मजकुरात यातलं एकही नव्हतं. डेस्कवर मी हेच करत असे. बातमीदार ‘बहुधा’, ‘असे समजते’, ‘अशी शक्यता वर्तवली जात आहे’ असं लिहून आणायचे आणि मी ते कापायचो, कारण त्याने वाक्य सैल होतं. मात्र कापण्यापूर्वी मी बातमीदाराला विचारायचो: दुसऱ्या कुणाशी बोललास का? ज्याच्याबद्दल आहे त्याला फोन केलास का? तो नाही म्हणाला तर बातमी परत जायची. शुक्रवारी मला परत पाठवणारं कुणी नव्हतं.

सरांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. ते मुख्याधिकारी असल्यापासूनचा. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी मी त्यांना फोन करत असे. कॉलेजच्या आवारात उभं राहून मी तो नंबर उघडला. त्यांनी फोन घेतला असता तर ‘येणार’ म्हणाले असते, असं मला वाटलं. मी फोन केला नाही आणि मजकूर पाठवला. हा क्रम मी नंतर पुष्कळदा वेगळा मांडून पाहिला आहे: आधी मजकूर पाठवला, मग नंबर आठवला. तसं झालेलं नाही.

ग्रुपवर दहा मिनिटांत प्रतिक्रिया आल्या. “अरे बापरे.” “थँक्स सर, वेळेत सांगितलंत.” परिचारिकेने विचारलं, “नक्की का?” मी काही लिहायच्या आत हवालदाराने लिहिलं, “पत्रकार आहेत ते. त्यांच्याकडे आतली माहिती असते.” मी त्या वाक्याखाली वर केलेला अंगठा टाकला.

दुपारी दीडला ताईंचा फोन आला. मागे खिडकीवरचा गलका ऐकू येत होता. कुणीतरी बिलाबद्दल भांडत होतं.

“पत्रकार, बातमी खरी हाय का?”

“हो.”

“कन्फर्म?”

“कन्फर्म आहे, ताई.”

“सरांशी बोललात?”

“त्यांचं ऑपरेशन झालंय. त्यांना कशाला त्रास द्यायचा?”

“मंग मना नंबर द्या त्यांचा. मी इचारते. मना नाय बोलनार नाय ते.”

“माझ्याकडे नंबर नाहीये,” मी म्हणालो.

मग त्या म्हणाल्या, “बरं. बघते मी कॉलेजात,” आणि फोन ठेवला. त्यांनी कॉलेजला फोन केला. तो त्याच लिपिकाने घेतला. सूचना टाकण्यासाठी तोही ग्रुपवर होता. त्याने सांगितलं, “हो, तसं ग्रुपवर पण आलंय ना.” मला सांगितलेली शंका त्याला माझ्याच मजकुरातून बातमी होऊन परत मिळाली होती.

शनिवारी वर्ग दोनला सुरू झाला. मधल्या सुट्टीत कार्यालयाच्या खिडकीपुढे रांग होती. पाच जणांनी कागद बदलून घेतले. दोन्ही ग्रामसेवक त्यांत होते. त्यांतला एक जाता जाता ताईंना म्हणाला, “सॉरी ताई, भाकरी वाया गेली.” ताई म्हणाल्या, “जा रे, पचली ना? मंग झालं.” त्यांनी स्वतःचा कागद बदलला नाही. पाचला मी माझं पसंतीपत्र दिलं: पहिली पसंती सार्वजनिक धोरण. साडेपाचला सूचना फलकावर यादी लागली. मनुष्यबळ बारा, धोरण दहा, नागरी चार. नागरीच्या चौघांची नावं दुसऱ्या पसंतीच्या विषयात टाकली होती. ताईंची दुसरी पसंती मनुष्यबळ होती. विषयाच्या नावात मनुष्य आहे म्हणजे काहीतरी कळेल, असं त्या म्हणाल्या.

रविवारी सकाळी दहाला सर आले. काळा चष्मा, खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत टिपणांच्या झेरॉक्सचे गठ्ठे. अभ्यासक्रमाच्या समन्वयक बाईंनी त्यांना व्हरांड्यात गाठून काय झालं ते सांगितलं. तरीही ते वर्गात आले.

“माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय,” ते म्हणाले, “तोंडाचं नाही.”

सगळे हसले. मीही हसलो.

“मी येणार नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला?”

मी दुसऱ्या बाकावर होतो. वर्गातल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. शेवटी मागून कुणीतरी म्हणालं, “ग्रुपवर आलं होतं, सर.”

“ग्रुपवर आलं होतं,” सर म्हणाले. “कुठून आलं?”

सरांनी झेरॉक्सचे गठ्ठे टेबलावर ठेवले, हवे असतील त्यांनी घ्यावेत म्हणाले आणि गेले. मी खाली पाहत होतो. वर पाहिलं तेव्हा ताई माझ्याकडे बघत होत्या. सुट्टीत त्या माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “तुमाला फसवला त्याने. तो क्लार्क तसलाच हाय.”

मी म्हणालो, “हो ना.”

समन्वयक बाईंनी एक वाट ठेवली होती. विद्यापीठाकडे यादी बुधवारी जाणार होती. तोपर्यंत दहा जणांनी लेखी मागणी केली तर फेरविचार करता येईल, असं त्या म्हणाल्या. ताईंनी अर्ज लिहायचं काम मला दिलं. “तुमी लिवा. तुमच्या मराठीला वजन हाय.” त्यांना पहिलं वाक्य असं हवं होतं: ‘चुकीच्या माहितीमुळे आम्ही पसंती बदलली.’ मी लिहिलं: ‘काही गैरसमजामुळे आमच्याकडून पसंती बदलली गेली.’ त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, “मस्त. कोनाला लागनार नाय.”

वर्तमानपत्रात चूक झाली की आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती छापतात. काय चुकलं ते त्यात असतं, कुणाचं चुकलं ते नसतं. रविवारी संध्याकाळी मी ग्रुपवर तशी दुरुस्ती टाकली. ‘नागरी स्थानिक प्रशासनाचे सर उपलब्ध आहेत. याआधीची माहिती अपुरी होती. इच्छुकांनी अर्जावर सही करावी.’ तिला सहा अंगठे आले.

बुधवारी दुपारपर्यंत अर्जावर सात सह्या झाल्या. आंबिवलीचे ग्रामसेवक परत आले होते, हवालदार आला होता. आठवी सही मी केली. धोरणात गेलेल्या बाकीच्यांपैकी एकही परत येणार नाही, हे मी आदल्या दिवशीच प्रत्येकाला फोन करून विचारून घेतलं होतं. त्यांना मी काही पटवून दिलं नाही, नुसतं विचारलं. दहा होणार नाहीत याची खात्री झाल्यावर मी सही केली. ताईंनी माझा हात हातात घेऊन हलवला. “तुमचा धोरनाचा विषय सोडून आलात. मी विसरनार नाय.” चारला अर्ज दिला. आठच सह्या असल्याने तो फाइलला लागला.

त्यानंतर चार महिने ताई मनुष्यबळाच्या वर्गात बसल्या. शिकवणाऱ्या बाई बाहेरच्या एका कंपनीत काम करणाऱ्या, चांगल्या होत्या, पण पडद्यावर इंग्रजी आणि बोलणं इंग्रजी. ताई फोनवर एकेक शब्द टाकून मराठी अर्थ बघत. तोवर पडद्यावर पुढची स्लाइड यायची. कधी कधी सुट्टीत मला विचारत, “हे परफॉर्मन्स अप्रेझल म्हंजे आमचा गोपनीय अहवालच ना?” मी हो म्हणालो की म्हणत, “मंग सरल बोलायचं ना. त्यात गोपनीय काय, अख्ख्या हाफिसला माहीत असतो.”

ऑगस्टपासून मी त्यांच्यासाठी मनुष्यबळाची टिपणं मराठीत करू लागलो. माझा तो विषय नव्हता. दर शुक्रवारी त्यांच्याकडून साहित्य मागवून घ्यायचो आणि आठ-दहा पानं करून पाठवायचो. संपादनाचं काम बाजूला ठेवून हे करायचो. एका रविवारी त्यांनी भर वर्गात, सगळ्यांसमोर सांगितलं, “असा भाऊ पाहिजे. कोनाचा कोन, पन माझ्यासाठी रातदिस लिवतोय.” टाळ्या वाजल्या. मी उठून पाणी प्यायला बाहेर गेलो आणि तास संपेपर्यंत आत आलो नाही. पुढच्या शुक्रवारी टिपणं नेहमीप्रमाणे पाठवली.

अंतर्गत चाचणीत वीसपैकी त्यांना चार गुण मिळाले. माझ्या टिपणांतून आलेला एकच प्रश्न होता. गुण लागले त्या दिवशी त्या टपरीवर थांबल्या नाहीत.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी, मी डोंबिवलीला त्यांच्या कार्यालयात गेलो. जाण्यापूर्वी मी काय सांगायचं ते कागदावर लिहिलं होतं. कार्यालय पहिल्या मजल्यावर, जिन्याला नळजोडणीचे अर्ज भरणाऱ्यांची गर्दी. ताईंनी मला खिडकीतून पाहिलं आणि आतल्या शिपायाला ओरडून सांगितलं, “अरे, पत्रकार आले, खुर्ची दे. चांगली दे, मोडकी नको.” मी आत जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. त्या बाहेरच्या माणसाचा अर्ज तपासत होत्या.

“काय मग, बातमी काढायला आलात का? सगलीकडे पानी हाय, लिवून टाका.”

“ताई, एक सांगायचं होतं.”

“सांगा. मी आयकतेय. कान मोकले हायेत, हात बिझी हायेत.”

“सरांचा नंबर माझ्याकडे होता.”

त्यांनी अर्जावर शिक्का मारला. “कुठल्या सरांचा?”

“नागरीच्या. तुम्ही त्या शुक्रवारी मागितलात तेव्हा.”

“तेव्हा होता?”

“तेव्हाही होता. आणि लिपिक ‘बहुतेक’ म्हणाला होता. ते मी काढून टाकलं. मला धोरण हवं होतं.”

खिडकीबाहेरचा माणूस म्हणाला, “मॅडम, पावती?” त्यांनी पावती फाडली, नाव लिहिलं, त्याला दिली. दुसऱ्याचा अर्ज घेतला. तो उलटा होता, सुलटा केला.

“ती सही?” त्यांनी विचारलं. “अर्जावर केली ती?”

“दहा होणार नाहीत हे माहीत झाल्यावर केली.”

“आनि टिपनं?”

याला मी काही उत्तर लिहून आणलं नव्हतं. मी म्हणालो, “ती त्यामुळेच.”

त्या माझ्याकडे वळल्या नाहीत. अर्जातल्या एका रकान्यावर बोट ठेवून त्यांनी बाहेरच्या बाईला तो भरायला सांगितला. मग शाळेतल्यासारख्या नीट मराठीत म्हणाल्या, “साहेब, यापुढे नोट्स पाठवायच्या असतील तर ग्रुपवर टाका. मला एकटीला नकोत. आणि जरा बाजूला बसा, मागे लाइन आहे.”

शिपायाने चहा आणला होता. मी तो घेतला नाही. जिना उतरून बाहेर आलो आणि त्याच रात्री ग्रुपवर लिहिलं: जुलैतली माहिती मी दिली होती, तिची खातरजमा केली नव्हती, करता येत असूनही केली नाही, आणि मला धोरण हा विषय हवा होता. मजकूर सर्वांनी वाचल्याच्या खुणा दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दिसू लागल्या. त्यावर कुणी अंगठाही टाकला नाही. हवालदाराने तासाभराने परीक्षेच्या वेळापत्रकाचा फोटो टाकला.

ताई पुढच्या शनिवारी वर्गात आल्या नाहीत. रविवारीही नाही. तिसऱ्या सत्राच्या परीक्षेला त्यांचा बाक रिकामा होता. मला सार्वजनिक धोरण विषयात पहिला वर्ग मिळाला. संस्थेतल्या जागेसाठी मी अर्ज केला नाही. नागरीच्या सरांना जानेवारीत मी फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले की यंदा बोलावलं म्हणून येत होतो, पुढच्या वर्षी मुलीकडे नाशिकला राहायला जाणार आहे. लघुप्रबंधाबद्दल मी विचारलं. ते म्हणाले, बाईंनी दिवाळीत पहिलं प्रकरण हाताने लिहून पोस्टाने पाठवलं होतं, ‘मार्गदर्शक नसलात तरी वाचून सांगा’ अशा चिठ्ठीसह. त्यांनी दुरुस्त्या करून ते परत पाठवलं होतं.

फेब्रुवारीत मी कॉलेजच्या कार्यालयात गेलो आणि ताईंनी प्रवेश रद्द केला का, असं विचारलं. लिपिक या वेळी ‘बहुतेक’ म्हणाला नाही. त्याने फाइल काढून दाखवली. प्रवेश रद्द न करता एक वर्ष खंड घेण्याचा अर्ज होता, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला. नाव, हजेरी क्रमांक आणि सही त्यांच्या अक्षरात. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: वैयक्तिक. पुढच्या वर्षी घ्यायच्या स्पेशलायझेशनसाठी अर्जात एक चौकट होती. तिच्यात पहिली पसंती नागरी स्थानिक प्रशासन अशी होती, दुसरी पसंती कोरी होती.